एका पट्ट्याचा रणगाडा आणि बाकी मालमत्ता यांची व्यवस्था

मी, श्रीमती कुंताबाई मधुकरराव उरकुडे, वय एकोणसत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, धंदा भाजीपाला शेती, राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला कायद्याला लागत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. त्यात घर होते, शेत होते, पण आमच्या घरात काय झाले ते लिहायला जागा नव्हती. ते न सांगता वाटणी केली तर माझी दोन मुले पुन्हा एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत. म्हणून हा कागद लांबला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वारस.
मुलगा वैभव, नागपूरला नोकरीत. मुलगी अंकिता, लग्नानंतर पुण्याला. माझे यजमान मधुकरराव गेल्या मार्गशीर्षात वारले. आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही आणि आमच्या पिढीतला नवराही बायकोला नावाने हाक मारत नसे. ते मला "अवो, ऐकतं का" म्हणत, मी त्यांना "वैभवचे बाबा". इथे कागदावर लिहिणे भाग आहे म्हणून नाव लिहिले. पुढे नुसते "हे" लिहीन.

कलम २. शेत.
बोर धरणाच्या कालव्यावरचे दोन एकर शेत माझ्या नावावर आहे. ह्यांनी फौजेतून सुटल्यावर मिळालेल्या रकमेतून ते घेतले आणि माझ्या नावे केले. तलाठ्याने तेव्हा विचारले होते, "उरकुडेजी, तुमच्या नावानं काऊन नाई?" हे म्हणाले, "म्या जिंदगीभर सरकारचा टँक चालवला, तो तरी कुठी माह्या नावावर होता?"

हे रणगाड्याचे चालक होते. रशियन बनावटीचा टी-पंचावन्न. फौजेत रणगाडा कोणी म्हणत नाही, टँकच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहिते. एकाहत्तरची लढाई संपल्यावर हे भरती झाले आणि पुढे लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. गावात लोक विचारत, "किती दुश्मन मारले?" हे सांगत, "एक बी नाई. वाळू लय उडवली." नोकरी सारी राजस्थानात गेली. वर्षातून एकदा सुट्टीवर येत.

घरी आले की एकाच माणसाच्या गोष्टी सांगत. हिरालाल नागोसे, आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीचे. नागपूरच्या भरतीत दोघे एका रांगेत उभे होते आणि नशिबाने एकाच टँकवर गेले. हे चालवायला, ते तोफेत गोळा भरायला. हिरालालने उंटाला भाकर कशी चारली, हिरालाल झोपेत भजन कसे म्हणतो, हिरालालला साहेबाने कसे झापले. निवृत्तीनंतरही वांगी तोडता तोडता हिरालाल, जेवताना हिरालाल. मी एकदा वैतागून म्हटले होते, "त्यायच्याशीच लगन लावायचं होतं मंग." हिरालाल भाऊंना मी स्वतः एकदाच पाहिले होते, अंकिताच्या लग्नात, तेही पंगतीच्या गडबडीत.

शेत वैभव आणि अंकिता यांच्या नावे सारखे व्हावे. सध्या ते सरिता डोमाजी चरडे कसते. ती आमची शेजारीण, नवऱ्याच्या मागे दोन पोरी वाढवते. तिला जोवर कसायचे आहे तोवर दोघांपैकी कोणी तिला उठवू नये.

कलम ३. अवजारे.
फवारणीचा पंप, विळे, पाट्या, सेलूच्या बाजारात नेतो तो तराजू, हे सर्व सरिताचे. तराजूच्या डाव्या पारड्याखाली चिंधी बांधली आहे ती सोडू नये. ती सोडली की गिऱ्हाइकाच्या पिशवीत कमी जाते.

कलम ४. टँकचे प्लास्टिकचे मॉडेल, आणि ते आमच्या घरी कसे आले.
तीन वर्षांमागे श्रावणात, मिरचीला पाणी देताना ह्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणे गेले. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांना सगळे समजते, फक्त शब्द सापडत नाहीत. "हाव" आणि "चाल" हे दोन शब्द तेवढे उरले होते, आणि एक शिवी, जी इथे लिहीत नाही. तहान लागली तरी "चाल", लघवीला जायचे तरी "चाल". मी चुकीची वस्तू पुढे केली की डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेत. पाच हातांवर बसलेला माणूस, आणि मला त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हते.

बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या अंकिताला म्हणाल्या, त्यांच्या जुन्या कामातले काहीतरी हातात द्या. अंकिताने पुण्याहून एक खोका आणला. वर टी-पंचावन्नचे चित्र. आत हिरव्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि चिंचा लटकतात तसे चौकटीला चिकटलेले टँकचे भाग. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा. काही भाग मोहरीएवढे. ह्यांनी खोक्यावरचे चित्र पाहिले आणि त्यावरून बोट फिरवत बसले. जेवायलासुद्धा उठेनात.

त्यांना एकच हात, म्हणून मी बसले. मी नेलकटरने भाग कापायचा, त्यांनी डाव्या हाताने जागा दाखवायची, मी डिंक लावायचा, त्यांनी दाबून धरायचे. रोज जेवण झाल्यावर खिडकीखालच्या टेबलावर आमचे हे काम चाले. एके दिवशी मी चालकाच्या डोक्यावरचे झाकण बंद करून चिकटवायला निघाले. वाटले, आत धूळ जाणार नाही. ह्यांनी टेबलावर थाप मारली.

"खोल."

मी झाकण खाली ठेवले.

"खोल. डोकं भाईर."

सहा महिन्यांनी नवा शब्द आला होता. मी त्या दिवशी कोथिंबीर भरून सांबारवडी केली. आमच्या घरी ती पाहुणे आल्यावरच होते.

त्यानंतर टँकचे शब्द येऊ लागले. चाक, नळी, पट्टा, डिझेल. मला टँक चालवायला शिकवायचे त्यांनी मनावर घेतले. मला पाटावर बसवले. एका हातात लाटणे दिले, एका हातात उलथणे. "डावा ओढ," म्हणाले. मी लाटणे ओढले. "वळला." मग दोन्ही ओढायला लावले. "थांबला." मी म्हटले, "वैभवचे बाबा, पोळ्या कशानं करू आता?" ते हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा हसले, अर्ध्याच तोंडाने.

आणि त्याच आठवड्यात, मी चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याची एक कडी चिमट्यात धरून बसले असताना, त्यांनी माझ्याकडे पाहून हाक मारली.

"हिरालाल."

मी मागे वळून पाहिले. दारात कोणी नव्हते. त्यांनी हात पुढे केला.

"हिरालाल, पाणी दे."

लकव्यानंतरचे त्यांचे ते पहिले पुरे वाक्य. पाणी बरोबर होते, दे बरोबर होते. मी पाणी दिले. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "मी कुंता." ते आनंदाने म्हणाले, "हाव. हिरालाल." शिकवणाऱ्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, दुरुस्त करू नका, त्यांना वाटते आपण बरोबरच बोललो, बोलत राहू द्या. मी राहू दिले. त्या दिवसापासून ते गेले त्या दिवसापर्यंत मी ह्यांच्यासाठी हिरालाल होते. हिरालाल म्हटले की "ओ" द्यायची मला सवय झाली. सवय झाली म्हणजे दुखायचे थांबले असा अर्थ कोणी काढू नये.

कलम ५. माझे धाकटे दीर मुकेश.
मुकेश उरकुडे यांनी पानठेल्यावर उभे राहून "मिलिटरीवाला पागल झाला, बायकोले हिरालाल म्हनते" असे गावभर केले. मग मी बाजाराला निघाले की पोरे मागून "ओ हिरालाल" म्हणत. आपल्या भावाला भेटायला मात्र मुकेश एकदाही उंबरा चढले नाहीत. त्यांना माझ्या मालमत्तेतून काही देऊ नये. माझ्या आंब्याची एक फांदी त्यांच्या अंगणात गेली आहे, तिचे आंबे ते आजवर खात आले. ते खाऊ द्यावेत. माझ्या तेरवीला त्यांना जेवायला बोलवावे, पण माझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उभे करू नये.

कलम ६. हिरालाल नागोसे, राहणार आष्टी.
हिरालाल भाऊंना कळवायला मीच टाळत होते. खरे सांगायचे तर मला त्यांचा राग येत होता. शेवटी अंकिताने त्यांना फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी ते एसटीने आले. गुडघे गेलेले, हातात काठी, मिशी पांढरी. हे खिडकीपाशी टँक घेऊन बसले होते. हिरालाल भाऊ दारात उभे राहून ओरडले, "अबे मधुकर!"

ह्यांनी वर पाहिले. चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. आणि ते म्हणाले,

"कुंता."

हिरालाल भाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग ह्यांच्याकडे.

"कुंता, आली तू," हे म्हणाले आणि रडायला लागले.

मोठ्या मिशीचा तो माणूस, डोळे पुसत खाली बसला आणि म्हणाला, "हाव बे. आलो. मीच हाव."

मग हे त्यांना टँक दाखवू लागले. "कुंता, हे पाह्य. कुंता, पट्टा." माझे नाव मी लग्नाआधी माहेरी ऐकले असेल, त्यानंतर घरात असे कोणी घेतलेच नव्हते. शेवटी ह्यांनी माझ्याकडे बोट केले आणि हिरालाल भाऊंना ओळख करून दिली.

"हा हिरालाल. लय चांगला मानूस हाय. मले सोडून जात नाई."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तवा ठेवला. थोड्या वेळाने हिरालाल भाऊ काठी टेकत आत आले आणि उंबऱ्यावर बसले.

"वहिनी, काऊन रडून राह्यल्या?"

"काही नाही. धूर."

"ग्यासचा धूर?" ते म्हणाले. मग काठी आडवी ठेवली. "वहिनी, टँकमंदी आमी चौघं. बाकीचे दोघं हरयाणाचे. मराठी समजे आमा दोघायलेच. कानाले बोलायची मशीन लावून दिवसभर याचं चालूच राहे. कुंतानं लोनचं धाडलं. कुंता अशी हासते. कुंताचं पोरं इतकं ऐकतेत म्हने अंगनवाडीत. मी म्हनो, अबे, मले काय सांगून राह्यला, तिले सांग ना. तर म्हने, तिच्यासमोर कसं सांगू, घरी सगळे असतेत."

मी म्हटले, "घरी तर तुमचंच नाव असायचं, भाऊजी. सकाळ-संध्याकाळ."

"तेच म्हनतो ना," हिरालाल भाऊ म्हणाले. "तुमचं नाव त्यानं मलेच सांगतलं, आन् माह्यं तुमाले. जीभ बिचारी चुकली नाई वहिनी. ज्याच्यापाशी जे बोलला, तेच तिच्यात राह्यलं."

तव्यावरची भाकर जळाली. आम्ही दोघांनी तीच खाल्ली.

ते आष्टीला परत गेल्यावर मी रोज जेवण झाल्यावर त्यांना फोन लावू लागले. फोन टेबलावर टँकशेजारी ठेवायचा, आवाज मोठा करायचा. तिकडून "बोल मधुकर". इकडून "कुंता". मग ह्यांचे जे काही अर्धे-मुर्धे बोलणे असेल ते. मी शेजारी बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत असे आणि माझे नाव ऐकत असे. हिरालाल भाऊ कधी संत्र्याच्या बागेत पाणी देत असत, कधी कोणाच्या मयतीला गेलेले असत. पण त्यांनी फोन उचलला नाही असे झाले नाही. ज्या दिवशी ह्यांना बोलवत नसे त्या दिवशी ते नुसते "हाव, मी हावो हितं" म्हणत धरून बसत. मला ते पुरत होते. काही दिवशी पुरत नव्हते.

असाच एक दिवस होता. मी सरिताचा फोन घेतला, अंगणात गेले आणि घरच्या फोनवर लावला. ह्यांनी उचलल्यावर आवाज जाड केला. आणि जे कधी केले नव्हते ते केले, त्यांचे नाव घेतले. म्हटले, "बोल मधुकर." मला वाटले, एकदा तरी मला कुंता म्हणतील.

आतून ते हळूच म्हणाले, "हिरालाल? भाईर काऊन उभा? ऊन हाय."

म्हणजे ओळखले मलाच. आवाज बदलला तरी ओळखले. मी फोन ठेवला आणि सावलीत गेले.

हिरालाल भाऊंना ह्यांचा फौजेतला गरम कोट, टोपी, आणि कलम ८ मध्ये सांगितलेली वस्तू द्यावी.

कलम ७. घर, आणि वैभवबद्दल.
हिंगणीचे राहते घर, आवार आणि विहिरीसह, वैभव आणि अंकिता यांचे अर्धे-अर्धे.

अंकिताने मला सरळ विचारले आहे, "आई, दादाले काऊन? थो बाबाले पाह्याले बी आला नाई." सगळे गाव हेच म्हणते. वैभवने मला बोलू दिले नाही म्हणून मी गप्प होते. आता मी नसेन तेव्हा तो मला अडवणार नाही, म्हणून लिहिते.

अंकिता, तुझा दादा सुरुवातीला दर शनिवारी येत होता. पण तुझ्या बाबांना तो साहेब वाटे. उंच, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. तो दारात आला की हे एका पायावर उठायला बघत, डावा हात कपाळाला नेत आणि म्हणत, "जय हिंद, साब." वैभव म्हणे, "बाबा, मी वैभव हो. बसा ना." हे बसत नसत. साहेबासमोर कसे बसायचे? घाबरत, आपल्या हातून काही चूक झाली की काय म्हणून. एकदा तसेच उभे राहताना कोसळले आणि डोके फुटले. टाके पडले ते त्याचे. ते न्हाणीत पडले असे मी तुला सांगितले होते.

त्या दिवशी वैभव मला फाटकापाशी म्हणाला, "आई, मी आलो का ते उभे राह्यते. माह्यापायी मरतीन थे. अन् कोनाले सांगू नको, बाप पोराले सलाम ठोकते म्हनून लोक हासतीन त्यायले." त्यानंतर तो आत आला नाही. पण यायचा थांबला नाही. औषधे घेऊन यायचा, सरिताच्या ओट्यावर बसायचा, आणि मी खिडकी उघडी ठेवायची. तिथून तो बाबांना टँक जोडताना पाहायचा. सरिताने ते पाहिले आहे, तिला विचार.

गेल्या दिवाळीत सून आणि नातवंडे आली म्हणून तो घरात आला. हे झोपले होते. ते जागे व्हायच्या आत निघायचे म्हणून तो घाईघाईने मला घर झाडू लागत होता. टेबलावरच्या रिकाम्या चौकटी कचऱ्यात गेल्या, आणि त्यांच्यासोबत एक भरलेली चौकटही गेली. त्याने कचरा पेटवला. त्या चौकटीवर टँकच्या डाव्या पट्ट्याच्या सगळ्या कड्या होत्या. उजवा पट्टा आम्ही बसवला होता, डावा बाकी होता.

हे उठले आणि काठीने टेबलापाशी गेले, एव्हाना तेवढे चालता येत होते. "पट्टा," म्हणाले. खोक्यात पाहिले, टेबलाखाली पाहिले. "पट्टा, पट्टा." वैभवच्या लक्षात आले. तो धावत बाहेर गेला आणि गरम राखेत हात घातला. त्याच्या हाताला हिरव्या प्लास्टिकचा एक गोळा लागला, बस. तो तिथेच उकिरड्याच्या कडेला मातीत बसला आणि मोठ्याने रडू लागला. चाळिशी उलटलेला माणूस.

हे काठी टेकत बाहेर आले. मी धावले, आता उभे राहून सलाम करतील, पडतील. त्यांनी सलाम केला नाही. काळ्या हातांनी तोंड झाकून रडणाऱ्या त्याच्याकडे पाहत राहिले. मग काठी माझ्याकडे दिली, माझ्या अंगावर रेलून वाकले, डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मला म्हणाले,

"हिरालाल, पोरगं रडून राह्यलं. पोराले घरात घे."

कोणाचे पोरगे ते म्हणाले नाहीत. वैभवने ते आपल्यावर घेतले. मीही घेतले. त्या दिवशी बापलेक एका ताटात जेवले.

म्हणून अर्धे.

कलम ८. टँक.
वैभवने त्याच दिवशी तसाच दुसरा खोका मागवला. तो परदेशातून यायचा होता, वेळ लागणार होता. हे रोज एकदा दाराकडे बोट करून विचारत, "पट्टा?" मी म्हणे, "येऊन राह्यला." मार्गशीर्षात एका सकाळी ऊन अंगणात आले तेव्हा ते खाटेवर पडले होते. मी पायाला तेल लावत होते. त्यांनी "हिरालाल" म्हटले. मी "ओ" म्हटले. पुढे काही म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली. शब्द सापडायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली.

दुपारी माणसे जमली होती, कोणी कोणाला कळवले याचे भान नव्हते, आणि टेबलावरचा फोन वाजला. मी लावला नव्हता म्हणून हिरालाल भाऊंनी तिकडून लावला होता. मी बटण दाबले, आवाज मोठाच ठेवलेला असायचा. साऱ्या घराने ऐकले, "बोल मधुकर."

मी म्हटले, "भाऊजी, हे गेले."

ते म्हणाले, "वहिनी, मंग आता मी कोनाले..." आणि पुढचे त्यांना बोलता आले नाही.

खोका तेरवीनंतर आला. मी उघडला नाही.

टँक जसा आहे तसा, एका पट्ट्याचा, हिरालाल भाऊंना द्यावा. त्याला दुसरा पट्टा कोणी बसवू नये, तो आम्ही दोघांनी जितका केला तितकाच आहे. नवा खोका वैभवचा. उघडायचा की नाही ते त्याने ठरवावे. उघडलाच तर अंकिता समोर असताना उघडावा. त्यातले भाग फार लहान आहेत. एकाने धरावे लागते आणि एकाने कापावे लागते. एकट्याने होत नाही, हे मी पहिल्या खोक्याच्या वेळी करून पाहिले आहे.

कलम ९. बाकी.
पाटल्या अंकिताला. सुनेला माझी मोहनमाळ. तिने ह्यांना कधी पागल म्हटले नाही. पोस्टातली रक्कम दवाखान्याचे व मयतीचे जाऊन जे उरेल ते सरिताच्या पोरींच्या शिक्षणाला. भांडी ज्याला लागतील त्याने न्यावीत, भांडू नये. हे सर्व पार पाडण्याचे काम माझ्या बहिणीचा मुलगा योगेंद्र करील. तो कमी बोलतो, म्हणून त्याला नेमले आहे.

कलम १०. माझे शेवटचे.
मला फार वेळ ठेवू नये. सोने-नाणे अंगावर ठेवू नये. तोंडात शेवटचे पाणी घालताना पोरांनी "आई" म्हणावे, ते त्यांचेच आहे.

माहेरचे, मला नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. इथे मी आई आहे, काकू आहे, वहिनी आहे, अंगणवाडीची बाई आहे. तिरडी उचलायच्या आधी हिरालाल भाऊंनी माझ्या कानाजवळ बसून एकदा माझे नाव घ्यावे. मोठ्याने नको. त्या टँकमध्ये हे जसे घ्यायचे, तसे. मित्राच्या बायकोचे नाव घेणे त्यांना जड जाईल, लोक पाहतील. तरी घ्यावे. ते कसे घ्यायचे हे आता जगात त्यांना एकट्यालाच माहीत आहे. ते तोवर हयात नसले तर दुसऱ्या कोणी घेऊ नये, मला तशीच न्यावी.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड नाही. कलम ७ मध्ये दोन अक्षरे पाण्याने फुटली आहेत, ती माझीच समजावीत.

ठिकाण: हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा
दिनांक: ९ मार्च २०२५

(सही) कुंताबाई मधुकरराव उरकुडे

कुंताबाईंनी वरील कागदावर आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यानंतर त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर आम्ही सह्या करत आहोत. यात आम्हाला काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: (सही) प्रेमदास गणपत भोयर, निवृत्त पोस्टमन, हिंगणी
साक्षीदार २: (सही) रुख्माबाई किसन तिजारे, अंगणवाडी मदतनीस, हिंगणी